शेवटच्या घरातली पाहुणी

पहिला शॉट वाया गेला, कारण गावातल्या बायका रुद्राणीला दगड मारायलाच तयार होईनात.

दगड थर्माकोलचे होते. चाकूरजवळच्या त्या गावात भर उन्हात रात्रीचा प्रसंग चालला होता. अंधार नंतर कॉम्प्युटरवर करायचा, कारण मोठे लाइट लावणं दिग्दर्शक मुज्तबाला परवडणारं नव्हतं. नांदेडचा हा तरुण मोबाइलवर बघायचे भुताचे सिनेमे काढायचा. एकेकाळची नायिका रुद्राणी त्याच्याकडे आधी हडळ झाली, मग जखीण, आणि आता चेटकीण. पांढरा विग, किडलेले दात, कपाळावर रबराची जखम. हल्ली ती आरशात मेकअप झाल्यावरच बघायची. त्याआधीच्या चेहऱ्याला कोणी काम देत नव्हतं.

"ताई, तुमाला कसं मारावं?" गर्दीतली शिल्पा म्हणाली. "जत्रंत तुमचा पिक्चर लागला की मही माय पदर भिजंस्तोवर रडायची." ती वाकून पाया पडली. रुद्राणीला बरं वाटलं. फार दिवसांनी कोणीतरी ओळखलं होतं, आणि तेही या सोंगात.

"अक्का, ह्या ताई नाहीतच असं समजा," मुज्तबा बायकांना म्हणाला. "कोणीतरी मनात धरा अन् मारा. तोंडाला येईल ते बोला."

दुसऱ्या शॉटला कोणाला काही शिकवावं लागलं नाही.

"मह्या म्हशीचं दूध आटवलीस!"

"लेकरू खाल्लीस, रांडं!"

शेषेराव नावाचा म्हातारा काठी उगारून पुढे धावला. यातलं एकही वाक्य मुज्तबानं लिहिलेलं नव्हतं. रुद्राणी ठरल्याप्रमाणे मातीत पडली. गर्दीचं खोटं ओरडणं तिनं जन्मभर ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. दगड अंगाला लागून हलकेच उडत होते, तरी तिनं डोकं दोन्ही हातांखाली घेतलं.

"निघ! कमळे, निघ गावातनं!" हा आवाज शिल्पाचा होता.

"कट! ताई, एकदम असली!" मुज्तबा खूश झाला. "क्लोजपसाठी अजून एकदा करू."

रुद्राणी माती झटकत उठली. सिनेमातल्या चेटकिणीचं नाव चंपा होतं.

"कमळी कोण गं?" तिनं विचारलं.

शिल्पाचा चेहरा उतरला. "हाय एक म्हातारी. कमलम्मा." तिनं ओढ्याकडे बोट केलं. "पल्याड शेवटच्या घरात ऱ्हाती. तिच्याकडं जात न्हाई कुनी."

कॅमेऱ्याची जागा बदलेपर्यंत वेळ होता. आपण का निघालो, हे रुद्राणीला धड सांगता आलं नसतं. फाटक्या लुगड्यात, रंगाचं रक्त तोंडावर तसंच घेऊन ती कोरडा ओढा ओलांडून गेली.

दार किलकिलं होतं. आतून एका म्हातारीनं बाहेर पाहिलं. ती किंचाळली नाही की मागे सरकली नाही. तिनं रुद्राणीचं मनगट धरलं, आत ओढलं आणि कडी घातली.

"वरडा ऐकला मी," ती कुजबुजली. "म्हनलं, आता कुनाला धरलं? कंच्या गावची गं बाई तू?"

रुद्राणीनं तोंड उघडलं. सिनेमा आहे, एवढंच तर सांगायचं होतं. पण तोवर कमलम्मानं चिमूटभर हळद त्या रबराच्या जखमेवर दाबली होती आणि झोंबू नये म्हणून ती फुंकर घालत होती. तिच्या स्वतःच्या भुवईवर एक जुना व्रण होता. तो रंगाचा नव्हता.

बाहेर पावलं वाजली. "ताई! कुठं हायसा? शॉट तयार हाय!"

"गप ऱ्हा," कमलम्मा म्हणाली. तिनंच कडी काढली आणि दोन्ही हात चौकटीला लावून ती दारात उभी राहिली. समोर मुज्तबा, शेषेराव आणि सगळ्या बायका होत्या.

"हिला न्हाई देनार मी. काय केलंय हिनं?"

कोणी हसलं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी शिल्पा पुढे झाली.

"काय न्हाई केलं, काकू. पिक्चर हाय. समदं खोटं खोटं. ताईनं कुनाचं कायबी वंगाळ केलेलं न्हाई."

कमलम्मानं मागे वळून पाहिलं. रुद्राणीनं विग काढला. खालचे विरळ केस घामानं टाळूला चिकटले होते. तिला मान वर करवेना. म्हातारीला उमगायला थोडा वेळ लागला. मग ती पुन्हा बायकांकडे वळली. चौकटीवरचे हात तिनं काढले नाहीत.

"हिच्यासाठी म्हनलीस," ती शिल्पाला म्हणाली. "मह्या येळंला कुनीच म्हनलं न्हाई."

शिल्पानं पदर डोक्यावरून पुढे ओढला. शेषेरावानं काठी या हातातून त्या हातात घेतली आणि तो गर्दीत मागे सरला.

"ताई, चला ना," मुज्तबा हळूच म्हणाला. "ऊन उतरून राहिलं."

रुद्राणी पुढे आली आणि कमलम्माच्या पायाशी, उंबऱ्यावर बसली.

"उतरू दे," ती म्हणाली.