बुरनूस कुणाच्या हातचा

नवरदेव कद्दूर नवा बुरनूस घालून अंगणात आला आणि बायकांची बडबड एकदम थांबली. पांढऱ्याशुभ्र लोकरीचा झगा, डोक्यावरच्या टोपीपासून घोट्यापर्यंत एकसंध विणलेला. नवरीच्या आईने जवळ जाऊन काठ चिमटीत धरला, उलटा करून पाहिला.

"विहीणबाई, गाठ म्हणून कुठे सापडत नाही. कुणाचा हात हा?"

कद्दूरच्या आईने, मीमुनाने, कोपऱ्यात पाहिलं. शेजारची हद्दूम कुसकुसाच्या परातीवर वाकून रस्सा ओतत होती. मीमुनाचा खांदा वर्षभर धरला होता. तिच्या घरातला माग नुसता उभा होता. लेकाचा बुरनूस हद्दूमने आपल्या घरी, दार लावून, पाच महिने खपून विणला होता. "कुणी विचारलं तर तुझंच नाव सांगेन," असं मीमुना तेव्हा आपणहून म्हणाली होती.

"कुणाचा असणार?" ती म्हणाली. "आईचाच."

हद्दूमची पळी थांबली नाही.

"अख्ख्या फिगिगमध्ये असा हात नाही," मीमुनाची नणंद तोऱ्यात म्हणाली. "नाहीतर ही आमची हद्दूम! हिने विणलेलं पाठीवर टाकलं, तर खेचरसुद्धा लाजेल."

सगळ्या खो खो हसल्या. हद्दूमही हसली. मीमुनासुद्धा हसली. हसता हसता तिचे कान तापले, पण थांबता येईना.

तेवढ्यात नवरीला पुढे आणलं. तिची आई तिला म्हणाली, "रहमा, ज्या हातांनी हे विणलं त्यांचं चुंबन घे."

पोरगी वाकली. मीमुनाचे हात शालीआड गेले. हद्दूमचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. तिने नणंदेकडे पाहिलं, विहिणीकडे पाहिलं आणि ते गिळलं. हात मात्र काही केल्या बाहेर येईनात. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

हद्दूमने पळी ठेवली. फडक्याला हात पुसत ती पुढे आली.

"दे की हात, मीमुना," ती म्हणाली. "पोरगी कधीची वाकून उभी आहे."

मीमुनाने हात पुढे केला. सुनेने तो आधी ओठांना, मग कपाळाला लावला. अंगणभर किलकाऱ्या उठल्या. त्यांत सगळ्यांत वरचा सूर हद्दूमचा होता.