वाढीचा आकडा

शाळेच्या व्यायामशाळेत सर दर महिन्याला प्रत्येक मुलीने उचललेलं वजन फळ्यावर लिहायचे. पण पहिला नंबर जास्त वजनाला नव्हे, जास्त वाढीला. चौऱ्याऐंशी किलो उचलणारी थोरली पोर त्या यादीत तळाला, कारण तिची सुरुवातच ऐंशीची. आणि चाळिसावरून साठावर आलेली, जिला सगळ्या 'काडी' म्हणून चिडवायच्या, ती वर्षभर सगळ्यांत वर. टाळ्या काडीला, शाबासकी काडीला. थोरलीच्या पोटात मात्र निखारा फुलत राहिला, त्यावर राख म्हणून धरेना.

नव्या वर्षाचं पहिलं मोजमाप आलं, तेव्हा तिने मनाशी बेत बांधला. आज कमी उचलायचं, म्हणजे पुढे महिन्यामहिन्याला वाढच वाढ दिसेल. पन्नासालाच तिने दांडा धाडकन खाली टाकला.

"काय गं, सुट्टीभर नुसती लोळलीस वाटतं?"

"नाही जमत, सर," ती कण्हली. मग काडीने दात-ओठ खात बासष्ट किलो उचलले, तशी थोरली गालातल्या गालात हसली. 'उचल बाई, हौसेने उचल. महिनाभराने बघू कोण वर ते!'

सरांनी आकडे पुन्हा एकदा वाचले, खडू हातात घेतला आणि तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी तुझ्यावर अन्याय झाला गं, म्हणूनच यंदा संघाची कप्तान आजच्या सगळ्यांत जास्त वजनावरून निवडायची ठरवली होती. आता काडीचंच नाव लिहावं लागतंय."