कानामागचा मणी

मासे साफ करताना शेवंतीच्या पाठीवर काठीचा तडाखा बसला. मागे कुणीच नव्हतं. म्हणजे तिच्या खवले मांजराला कुणीतरी मारत होतं. कॅमेरूनहून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी गावातल्या, खवले मांजरं राखणाऱ्या राखणदारांच्या कानामागे एकेक मणी बसवला होता. प्रत्येकाला एक जनावर नेमून दिलेलं. त्याला लागलं की जखम भरेपर्यंत राखणदाराला कळ. मणी काढला की कळ थांबे, पण जनावराचा मागही हरवे.

तिने तो काढला नाही. कळ वाढेल तिकडे ती काजूच्या बागेतून धावत सुटली. बांधापाशी तिचा सख्खा भाऊ गणू काठी टाकून, अंग मुडपून गोळा झालेल्या खवले मांजरावर कोयता उगारून उभा होता.

“परदेशी मणी लावन घेतलंस मा? आता भोग!” म्हणत त्याने घाव घातला.

शेवंती कोसळली, जीभ दातांखाली चावली गेली. पडल्यापडल्याच तिने मणी उपटला, गणूला पाय ओढून पाडलं आणि मणी त्याच्या कानामागे दाबला.

गणूच्या किंकाळीने रान हादरलं. तो पाठ धरून लोळू लागला. मणी फक्त राखणदाराच्याच बोटांनी निघत असे.

“काढ गो बाय, काढ!”

“त्या खवल्याक उचल, दवाखान्यात चल,” तोंडातलं रक्त थुंकत शेवंती म्हणाली. “तो बरो झालो काय मगच मणी काढतंय.”