बिननावाचा हायकू

"नाव कोणीही लिहायचं नाही," बाई म्हणाल्या. "आणि 'मी' तर नाहीच नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. वर पाच अक्षरं, मध्ये सात, खाली पाच. रडगाणं नको, उपदेश नको."

मुलांनी कागद घड्या घालून डब्यात टाकले. पहिल्या बाकावरच्या चिमणीने डबा हलवला आणि कागद पुन्हा वाटले. ज्याच्या हातात जो येईल, तो त्याने स्वच्छ उतरवून द्यायचा, म्हणजे अक्षरावरूनही कवी कळायला नको. ही बाईंची खास पद्धत. हायकूवर त्यांचा भारी जीव. घरी गेल्या की दार लावून मुलांच्या कविता वाचत बसायच्या, तहानभूक हरपून. वर्गात त्यांना सगळी मुलं सारखी. लाडकं कोणी नाही, दोडकंही नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या एक कागद नाचवतच आल्या.

"अहो हेडसर, हे बघा!"

जेवण थंड
दाराखालून येतो
तिचा उजेड

"छान आहे," हेडसर म्हणाले. "स्पर्धेला पाठवा."

"स्पर्धा गेली खड्ड्यात! पोर एकटं जेवतंय हो, आणि आई बंद दाराआड. कसल्या बाया असतात एकेक!" बाईंचे डोळे भरून आले होते. "हे पोर कोणाचं, ते शोधायलाच हवं."

फार शोधावं लागलं नाही. वर्गात एकाच्या शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं, म्हणून सगळे त्याला बटणच म्हणत. डबा रोज विसरायचा आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्यांच्या डब्यांकडे टक लावून बघायचा. बापाचा पत्ता नाही, आई बसमध्ये कंडक्टर. आणखी काय पुरावा हवा?

बाईंनी त्याच्या आईला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं. ती ड्यूटीवरून तशीच आली, खांद्याला तिकिटांची पिशवी. बाईंनी तिच्यापुढे कागद धरला. तिने तो वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

"हे आमच्या ह्याचं नसेल, बाई. आमची एकच खोली. आत दारच नाही."

"मला घराचा नकाशा सांगू नका. पोराला वेळेवर गरम घास मिळतो का, तेवढं बोला."

"संध्याकाळची पाळी असली की नाही मिळत," ती म्हणाली. खोटं बोलली असती तर सुटली असती बिचारी.

"बघा! स्वतःच्या तोंडाने कबूल!" बाईंचा आवाज पार व्हरांड्यात पोचला. "पोटच्या पोराकडे बघायला वेळ नाही, तर जन्माला कशाला घातलंत? असली आई असण्यापेक्षा नसलेली परवडली! त्याची नीट सोय करा, नाहीतर मला वर कळवावं लागेल."

बाकीचे शिक्षक आपापल्या कपात बघत राहिले.

"कळवू नका," कंडक्टर म्हणाली. "उद्याच त्याला माझ्या बहिणीकडे पोचवते. लांब आहे, पण तिच्या घरात माणसं आहेत."

फाटकाशी बटण उभा होता. आज आई लवकर आली, म्हणजे फिरायलाच नेणार, असं त्याला वाटलं. तो उड्या मारत तिच्याबरोबर निघाला.

बाईंना हलकं वाटलं. एका लेकराचं भलं झालं. पर्स घ्यायला त्या वर्गात आल्या, तर चिमणी अजून फळा पुसत होती. फळा केव्हाच कोरा झाला होता.

"बटण शाळा सोडणार?" तिने न वळता विचारलं.

"हो. त्याच्या भल्यासाठीच."

"पण तो हायकू त्याचा नाहीये."

बाई चरकल्या. "कोण म्हणतं? मग कोणाचा? तुला माहीत आहे?"

चिमणीने मान हलवली.

"अगं, मग बोल की! भलत्याच बाईला बोलून बसले मी. घाबरू नकोस, तुझं नाव कुठे येऊ देणार नाही. त्या खऱ्या आईची तर अशी खरडपट्टी काढते की बघच. सांग पटकन, कोणाचा?"

"माझा, आई."