आतली कडी
चाकणजवळच्या एका गावात आठवडे बाजारात पंचायतीच्या निधीतून बायकांसाठी शौचालय बांधून झालं. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत ताणली गेली. नवी पंचायत सदस्य दीक्षा मात्र आधी आत जाऊन आली. "एकाही दाराला आतून कडी नाही. फीत कापायची नाही!" ठेकेदार हसला, "कडीचं काय एवढं, ताई? उद्या बसवतो." "मग पाहुण्यांनाही उद्याच बोलवा." ती दारातून हलली नाही. भाजीवाल्या टोपल्या सोडून तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या, तसं सरपंचांनी सुताराला बोलावणं धाडलं. तासाभरात कड्या बसल्या. दीक्षानं कात्री भाजीवाल्यांमधल्या थोरल्या जाईबाईंच्या हाती दिली. फीत कापून जाईबाई आत गेल्या. कडी सरकल्याचा आवाज सगळ्या बाजारानं ऐकला. वर्षानुवर्षं सोय नसल्यानं बाजाराच्या दिवशी त्या पाण्याला शिवत नसत. बाहेर येऊन म्हणाल्या, "पोरी, आता तांब्याभर पाणी आन."