घरची पोरगी

डोंबिवलीतल्या साडीच्या दुकानात संचिता कामाला लागली आणि तिसऱ्याच दिवशी एका काकूंनी तीस साड्या उलगडायला लावून शेवटची थेट तिच्या तोंडावर भिरकावली.

"साडी धड धरता येत नाही, आणि म्हणे सेल्सगर्ल!"

संचिता रडकुंडीला आली. तेवढ्यात मालक, सर्वेशदादा, गल्ल्यावरून ताडकन उठले. "गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात! ही माझ्या घरची पोरगी आहे. निघा तुम्ही!"

बस्स! ठाण्याच्या मॉलमधल्या जास्त पगाराच्या नोकरीला तिने त्याच संध्याकाळी नकार कळवला. आईने कपाळाला हात लावला, पण हिचं ठरलं ते ठरलं. असा मालक सोडायचा नाही.

सहा महिन्यांनी समृद्धी नवीन लागली. तिसऱ्या दिवशी त्याच काकू हजर! तीस साड्या उलगडून झाल्या, एकतिसावी भिरकावली गेली, आणि दादा ताडकन उठले. "ही माझ्या घरची पोरगी आहे!" समृद्धी डोळे पुसत आत पळाली.

संचिताचा वासलेला आ मिटेचना. जाता जाता काकूंनी पिशवीतून डबा काढून तिच्या हातात ठेवला.

"आता तू जुनी झालीस, तुझ्यापासून काय लपवायचं? माझा सर्वेश डबा घरीच विसरला गं. दे त्याला."