संत्र्याची साल

"आई, मला एक कप मिळेल का?"

तोफेनं एका दमात विचारून टाकलं. गेल्या महिन्यात शाळेच्या वादविवादात तिनं समोरच्या संघाची दाणादाण उडवली, तेव्हापासून मैत्रिणी तिला तोफ म्हणत. त्याआधी ती हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. "एवढी तोफ आहेस ना? मग आईकडे वाइन मागून दाखव!" अशी पैज होती.

आई ओट्यापाशी उभी होती. पातेल्यात काळपट लाल वाइन मंद आचेवर वाफाळत होती. वर लवंगा, दालचिनी, संत्र्याची साल तरंगत होती. थंडी पडली की आई ही मसाल्याची वाइन करून बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायची, आणि बाबा संध्याकाळी ती गरम करून प्यायचे. आता उलथनं पाठीत बसणार, म्हणून तोफ दाराकडे सरकली.

"घे की," आई म्हणाली आणि कप भरून दिला.

गोड, गरम, शेवटी कडू. तोफेनं दुसराही कप रिचवला. मग ती फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल लावत चालली. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. एकदाही चुकलं नाही.

"आई, चढत कशी नाही? बिघडलीय का ही?"

"चढेल कशी? द्राक्षाचा रस आहे."

"आणि वाइन?"

"मोरीत. बाबा आणतात, मी ओतते. हा तिसरा हिवाळा."

"त्यांना कळत नाही?"

"भरायच्या आधी मसाला गाळून काढायचा असतो, नाहीतर कडू होते. मी साल मुद्दाम आत ठेवते. कडू लागली की त्यांना कडक वाटते."

तोफ पोट धरधरून हसली. आईनं काय शेंडी लावली होती बाबांना! मैत्रिणींना कधी एकदा सांगते असं तिला झालं. फोन घ्यायला ती वळली आणि नजर कपाटावरच्या तिच्या वादविवादात जिंकलेल्या चषकावर गेली. त्याचा एक कान वाकडा चिकटवलेला होता.

गेल्या शनिवारी बाबांनी दोन कप घेतले आणि ते पाहुण्यांसमोर आईला बिनडोक म्हणाले. तोफ मध्ये बोलली, तर त्यांनी तिचा नवाकोरा चषक भिंतीवर आपटला. रविवारी सकाळी तेच बाबा गोंद घेऊन तो जोडत बसले. डोळ्यांत पाणी. "मी नव्हतो गं, चिमणे. ती बोलत होती," म्हणत त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. तोफेनं तिथल्या तिथे माफ करून टाकलं. बिचाऱ्यांचा काय दोष?

तिनं फोन खाली ठेवला.

"आई, म्हणजे शनिवारी..."

आई बाटल्यांची तोंडं पुसत होती. "मला वाटलं होतं, दारू काढून टाकली की माणूस ताळ्यावर येईल."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय होणार? बाटली आहे म्हणून सकाळी माफी तरी मागतात."

संध्याकाळी बाबांचा दुसरा कप संपला आणि आवाज चढला. भाजी अळणी होती. "मायलेकींना मिळून अर्धं डोकं दिलंय देवानं!" एरवी तोफ उशीत तोंड खुपसायला पळाली असती. आज ती जागची हलली नाही. बघत राहिली. पाय लटपटत नव्हते. जीभ अडखळत नव्हती. फेकायला कप हवा होता, तेव्हा बाबांनी स्वतःचा आवडता निळा कप अलगद बाजूला सरकवला आणि आईचा उचलला.

शनिवारीही कपाटावर त्यांचा टेबल टेनिसचा चषक होता. तिच्या चषकाच्या पुढेच. त्याला धक्कासुद्धा लागला नव्हता.

सकाळी बाबा खाली बसून आईच्या कपाचे तुकडे वेचत होते. डोळे भरलेले.

"काल जरा जास्तच झाली गं, चिमणे. मी नव्हतो..."

तोफेनं फ्रिज उघडला, भरलेली बाटली काढली आणि तोंडाला लावली.

"अगं, वेड लागलं का! वाइन आहे ती!" बाबा ओरडले. "अहो बाईसाहेब, बघताय काय? अडवा तिला!"

आई जागची हलली नाही.

बाटली रिकामी झाली. दातांत साल आली होती. ती काढून तोफेनं निळ्या कपाच्या बशीत ठेवली.

"बाबा, मी अख्खी बाटली प्यायले. बघा, माझ्या हातून काही फुटत नाहीये. मी मावशीकडे राहायला चाललेय. आई, तू येतेस, की अजून बाटल्या भरायच्यात?"